वर केलेला अंगठा

आमच्या मोठमध्ये ‘गोताखोर’ हा शब्द चांगल्या बातमीसोबत येत नाही. बेतवेच्या डोहात किंवा परीछाच्या बंधाऱ्यापाशी कोणी बुडालं की पोलीस गोताखोर बोलावतात. मराठीत आपण ‘पाणबुड्या’ म्हणतो आणि तो शब्द कानाला जरा हलका लागतो. पण झाशी जिल्ह्यातल्या या तहसिलीच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरात मराठी शब्दांनाही बुंदेली अर्थ चिकटलेले आहेत. म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मुलानं फोनवर सांगितलं, की येत्या डिसेंबरात सगळ्यांनी मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग करायचं, तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, “कोण बुडालंय?”

जाणारे आम्ही आठ जण. सासूबाईंना ७८ वर्षं पूर्ण झालेली. आमचे हे रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात. जाऊबाईंच्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो. पुतणी १२ वर्षांची, पुतण्या ९ वर्षांचा. शिवाय धाकटे भावजी, माझा मुलगा आणि मी. आठांपैकी पोहता येतं दोघांना: भावजी लहानपणी विहिरीत शिकले, मुलगा पुण्याच्या तरणतलावात. समुद्राखाली कोणीच गेलेलं नाही. मी इंटर कॉलेजात २७ वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे घरातले कागदपत्र वाचण्याचं काम आपोआप माझ्याकडे येतं. रेल्वेची तिकिटं, राहण्याची सोय आणि मुलानं पाठवलेला आरोग्याच्या प्रश्नांचा दोन पानी फॉर्म, सगळं माझ्यापुढे ठेवून भावजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही वाचा आणि सांगा, यात घाबरण्यासारखं काही आहे का.”

मी वाचलं. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, फिट येते का, हृदयाचं काही आहे का, कोणती औषधं चालू आहेत. असे प्रश्न कोणी टेबलाशी बसून उगाच सुचवत नाही. ज्यानं इतिहास शिकवला त्याला एवढं कळतं, की कुठल्याही नियमाच्या मागे कोणाचं तरी काहीतरी झालेलं असतं. या नियमांच्या मागे कोण आहे ते शोधत मी महिनाभर वाचत गेले. हा लेख म्हणजे भावजींच्या प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त जरा लांबलेलं.

झाशी आणि कोकण यांच्यातली वाट आमच्या लोकांना नवी नाही. फक्त आम्ही ती उलटी चालणार आहोत. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले आणि त्यांच्यामागून दक्षिणेतली कुटुंबं इकडे येत राहिली. मोठला तेव्हा राजेंद्रगिरी गोसाव्यांचं ठाणं होतं, ते नारोशंकरांनी उठवलं. पुढे झाशीवर आलेले नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. आणि १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे आपल्या चुलत्यांना सोबत घेऊन उत्तरेला निघाले, ते झाशीच्या वेढ्यात सापडले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, असा त्यांचा बेत होता. बेत यज्ञाचा आणि वाट्याला आलं युद्ध. त्यांचा ‘माझा प्रवास’ मी दरवर्षी मुलींना सांगत असे, आणि दरवर्षी कोणीतरी विचारी, की मग ते अर्ध्या वाटेतून परत का नाही फिरले? उत्तर सोपं आहे: कर्ज होतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला परत फिरण्याची मुभा नसते. हा मुद्दा मी इथे मुद्दाम मांडून ठेवते, कारण पाण्याखालच्या इतिहासात तोच पुन्हा पुन्हा भेटतो.

आमच्या मोठच्या घरात समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली एकच वस्तू आहे. ती सासूबाईंची नथ. त्यांच्या सासूबाईंकडून आलेली, बसऱ्याच्या मोत्यांची. बसरा हे इराकमधलं बंदर. मोती तिथे पिकत नसत. ते निघत इराणी आखातात, बहारीन, कुवेत, कतार यांच्या किनाऱ्यांसमोरच्या शिंपल्यांच्या पट्ट्यांवर. तिथून ते मुंबईच्या बाजारात येत, भोकं पाडून, तोलून, दर्जा लावून पुढे जात. मुंबईहून पुण्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला, झाशीला. मराठी बाईच्या नाकातला दागिना अशा रीतीनं अरब पाणबुड्याच्या श्वासावर उभा होता.

तो पाणबुडा बुडे कसा? उन्हाळ्याच्या चार महिन्यांत होड्या समुद्रात जात. पाणबुड्याच्या नाकाला शिंगाचा चिमटा, गळ्यात शिंपले भरायची जाळी, पायाशी दगड बांधलेला दोर. दगडाच्या वजनानं तो झटकन तळाशी जाई, मिनिटभरात हाताला लागतील तेवढे शिंपले ओरबाडी आणि दुसऱ्या दोराला हिसका देई. वर होडीत त्याचा जोडीदार उभा असे, त्याचं काम फक्त ओढणं. हिसका जाणवला की तो ओढी. दिवसाकाठी अशा डझनावारी बुड्या. कान फुटत, डोळे जात, फुप्फुसं खराब होत. तरी माणसं दर हंगामाला परत येत, कारण हंगामाच्या सुरुवातीला घर चालवायला उचल घेतलेली असे आणि हंगामाच्या शेवटी हिशोब असा निघे, की उचल फिटलेली नसे. बाप मेला की कर्ज मुलाकडे येई आणि कर्जाबरोबर दोरही. १९२०च्या दशकात बहारीनमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुधारणा केल्या आणि प्रत्येक पाणबुड्याच्या नावाची हिशोबाची वही सक्तीची केली. वह्या आल्या तरी असंतोष मिटला नाही. १९३२ मध्ये पाणबुड्यांनी दंगा केला. त्याच वर्षी बहारीनमध्ये तेल लागलं. जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी भाव आधीच पाडले होते. काही वर्षांत तो सगळा धंदा बसला, आणि बसऱ्याचा मोती फक्त आमच्यासारख्यांच्या डब्यात उरला.

याच काळात इकडे, मन्नारच्या आखातात, एक वेगळी रीत चालू होती. तमिळनाडू आणि लंका यांच्यामधल्या त्या उथळ समुद्रात मोत्यांची सरकारी मासेमारी चाले. आधी पोर्तुगीज, मग डच, मग इंग्रज, सरकार बदलत गेलं. पण पाणबुडे एक अट सोडत नसत. काठावर किंवा होडीत ‘कडलकट्टी’ हजर हवा. कडलकट्टी म्हणजे समुद्र बांधून ठेवणारा, मंत्रानं शार्क माशांची तोंडं बंद करणारा. तो घराणेशाहीचा मान. त्यानं मंत्र म्हटल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नसे, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज सरकारनंही, मनातून हसत का होईना, त्याला मोबदला दिला. इंग्रजांनी ही अंधश्रद्धा म्हणून लिहून ठेवली. मला मात्र ती कामगारांनी जपलेली सवलत वाटते. मंत्रानं शार्क थांबत असेल असं मी म्हणत नाही. पण ‘आज उतरायचं नाही’ हे म्हणायचा अधिकार ज्याच्याकडे आहे असा एक माणूस त्यांनी सरकारी खर्चानं उभा करून ठेवला होता. आखातातल्या पाणबुड्याला तेवढंही मिळालं नाही.

आता त्या फॉर्मकडे येते, कारण तो फॉर्म या कडलकट्टीचाच दूरचा नातेवाईक आहे.

दोरानं आणि दगडानं बुडणारा माणूस जमिनीवरचा एक श्वास खाली नेतो आणि तोच वर आणतो. छातीतली हवा खाली दाबली जाते, वर येताना परत पहिल्याएवढी होते. हिशोब सरळ. यंत्रानं खाली हवा पुरवायला सुरुवात झाली तेव्हा हिशोब बिघडला. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत आपण सगळेच घोकतो: दाब दुप्पट, तर आकारमान निम्मं. समुद्रात दर १० मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खोल जाऊन नळकांड्यातून पोटभर श्वास घेतला आणि तो छातीत कोंडून कोणी वर आला, तर पृष्ठभागाशी ती हवा दुप्पट जागा मागते. छाती तेवढी ताणत नाही, फुप्फुस फाटतं. शिकाऊ माणसाला पहिल्या मिनिटाला सांगतात, ‘श्वास कधीही रोखू नका’, ते यासाठी. आणि यात एक उलटं सत्य आहे जे घरच्यांना पटवायला मला बराच वेळ लागला: आकारमानातला सगळ्यात मोठा बदल खोल समुद्रात होत नाही, तो वरच्या १० मीटरमध्येच होतो. ‘आम्ही काही खोल जाणार नाही’ असं म्हणून नियम सैल करता येत नाहीत.

दुसरा धोका कळायला माणसं मोजावी लागली. एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये खणायला नदीच्या तळाशी मोठ्या पेट्या उतरवत आणि पाणी बाहेर ठेवायला त्यांत दाबाची हवा भरत. मजूर आत काम करून वर आले की सांधे धरून लोळत. काहींना लकवा होई, काही मरत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पेट्यांत हेच झालं. १८७२ मध्ये मजुरांनी वाढीव मजुरीसाठी संप केला. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्याच आजारानं कायमचा अंथरुणाला खिळला आणि त्याची बायको एमिली हिनं त्याचे निरोप नेत-आणत ११ वर्षं काम तडीला नेलं. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी कारण दाखवून दिलं: दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो, आणि दाब एकदम काढला की सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटतात.

बुडबुडे कळले, किती सावकाश वर यायचं ते कळलं नव्हतं. ते स्कॉटलंडचे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शोधलं. ब्रिटिश नौदलानं काम सोपवलं, त्यांनी पोलादी कोठडीत बकऱ्या ठेवल्या. बुंदेलखंडात बकऱ्यांचं वेड काही कमी नाही, म्हणून हे वाचताना मला गंमत वाटली. पण बकरीचा दुखरा पाय ती उचलून धरते आणि तेवढ्यावरून सांधा कुठे धरलाय ते कळतं, हे त्या माणसानं हेरलं होतं. त्यांना दिसलं, की दाब निम्म्यावर आणला तर बहुधा काही होत नाही. त्याहून जास्त उतरवायचा तर टप्प्याटप्प्यानं थांबत यावं लागतं. १९०८ मध्ये त्यांनी कोष्टकं छापली. दोन वातावरणांचा दाब १० मीटरवर असतो, तो पृष्ठभागावर एक होतो, म्हणजे निम्मा. शिकाऊ माणसाला उथळात ठेवण्यामागे हाही हिशोब आहे.

कोष्टकं समुद्रात तपासायला हाल्डेन १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. घरचे लोक बरोबर होते. तिथे त्यांच्या १३ वर्षांच्या मुलानं, जॅकनं, पाणबुड्याचा अवजड पोशाख चढवून समुद्रात बुडी मारली. पोशाख मोठ्या माणसाचा. मनगटाशी सैल, तिथून पाणी आत शिरलं. पोरगा गारठून वर आला आणि ऊब देऊन त्याला झोपवावं लागलं. कुटुंबाच्या सुट्टीत नवख्या पोराला समुद्राखाली पाठवण्याचा एवढा जुना नमुना मला दुसरा सापडला नाही. यातून काय घ्यायचं ते स्पष्ट आहे. पोराची हौस खरी होती, बाप त्या विषयातला जगातला पहिला जाणकार होता, पण पोशाख पोराच्या मापाचा नव्हता. मालवणला पुतणीच्या तोंडात बसणारा तुकडा, चेहऱ्यावरचा मुखवटा आणि पट्टे तिच्या मापाचे आहेत का, हे पाहायचं काम मी स्वतःकडे घेतलं आहे.

जॅक म्हणजे पुढचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९३९ मध्ये ‘थेटिस’ नावाची ब्रिटिश पाणबुडी चाचणीत बुडाली आणि ९९ माणसं गेली. त्यानंतर माणूस दाबाखाली किती तग धरतो हे तपासायला ते स्वतः कोठडीत बसले. त्यात आलेल्या झटक्यांनी त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली, कानाचे पडदे फाटले. १९५७ मध्ये ते भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. फॉर्मवरचा कानांबद्दलचा प्रश्न वाचताना आता मला ते आठवतात. फरक एवढाच, की ते कोठडीत गेले ते स्वतः ठरवून. त्यांना कोणी उचल दिली नव्हती.

आजचं स्कूबा युद्धातून आलं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवायला एमिल गान्यान या अभियंत्यानं एक झडप केली होती. नौदलातल्या जाक कूस्तोनं तीच झडप श्वासासाठी जुळवून मागितली. माणूस श्वास ओढेल तेव्हाच आणि भोवतालच्या दाबाएवढीच हवा सोडणारी झडप. १९४३ च्या उन्हाळ्यात कूस्तो ते यंत्र पाठीवर घेऊन भूमध्य समुद्रात उतरला. त्याची बायको सिमोन पृष्ठभागावर तोंडात नळी धरून तरंगत, वरून त्याच्यावर नजर ठेवून होती. दोन वर्षांनी त्यांचा सात वर्षांचा मुलगा झाँ-मिशेल बापाच्या हातून यंत्रासह पाण्यात गेला. पुढे हौशी लोकांचे क्लब निघाले, १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये, १९६६ मध्ये अमेरिकेत पॅडी ही प्रशिक्षण संस्था, आणि नौदलाची कोष्टकं सुट्टीवर आलेल्या कुटुंबांसाठी सोप्या नियमांत उतरली: अनुभवासाठीची पहिली बुडी प्रशिक्षकासोबत, १२ मीटरच्या आत, वय किमान १० वर्षं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना फार तर तरणतलावात, दोन मीटरपर्यंत.

हे सगळं मी जेवणानंतर सांगत होते आणि तिथेच फसले. नऊ वर्षांच्या पुतण्यानं कूस्तो माझ्यावरच उलटवला. “काकू, तो सात वर्षांचा होता. मी नऊचा आहे.” मी म्हटलं, “त्याच्या वडिलांनी ते यंत्र घडवून घेतलं होतं. तुझ्या वडिलांना मोटारसायकलचा प्लग बदलता येत नाही.” भावजी हसले, पण पोराच्या डोळ्यात पाणी आलं. मग त्याला खरं कारण सांगितलं. लहान मुलाच्या कानाची आतली नळी अरुंद असते, दाब सारखा करायला वेळ लागतो; आणि घाबरल्यावर श्वास रोखायचा नाही हे आठवणं नऊ वर्षांच्या मुलालाच काय, त्याच्या आजोबांच्या वयाच्या माणसालाही जड जातं. तो होडीत राहील, मुखवटा लावून काठाच्या उथळ पाण्यात मासे पाहील. पुढच्या वर्षी तो १० वर्षांचा होईल.

आमचे हे आणि जाऊबाई यांच्याबाबतीत घरात खरी वादावादी झाली. मालवणच्या एका व्यावसायिकाला मुलानं फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, की फॉर्मबिर्म काही नाही, सत्तरीच्या आजीही करून जातात, अ‍ॅडव्हान्स पाठवा. भावजी म्हणाले, “बघा, सगळे करतात.” मी म्हटलं, “ज्यानं विचारलंच नाही त्याच्याकडे जायचं नाही.” दुसऱ्या ठिकाणी विचारलं, त्यांनी फॉर्म मागितला आणि ज्या प्रश्नाला ‘हो’ असेल त्याला डॉक्टरची चिठ्ठी हवी म्हणाले. तिथे ठरवलं. रक्तदाब ताब्यात असेल तर डॉक्टर परवानगी देऊ शकतात. दम्याचं तसं नाही. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहिली आणि माणूस वर आला, तर श्वास न रोखताही तेच होतं जे श्वास रोखल्यानं होतं. झाशीच्या छातीच्या डॉक्टरांनी जाऊबाईंना स्पष्ट नाही म्हटलं. त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाल्या, “वहिनी, लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी ठरवलं होतं.” याला इतिहासात उत्तर नाही. मी त्यांच्या शेजारी बसून कणीक मळत राहिले.

उरलेला बेत असा. झाशीहून मंगला एक्स्प्रेसनं रत्नागिरी, पुढे कोकणातल्या गाडीनं कुडाळ, तिथून मालवण. पावसाळ्यात तिथला समुद्र बंद असतो. डिसेंबरात पाणी शांत आणि त्या मानानं निवळलेलं मिळतं. बुडी दुसऱ्या दिवशी सकाळी, शेवटच्या दिवशी नाही. मुलगा म्हणत होता बुडी मारून संध्याकाळीच गाडीनं घाट चढून पुण्याला जाऊ. विमानाआधी एका बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबायचा संकेत आहे, आणि घाट चढणं हेही हवेचा दाब कमी होणंच. उथळ बुडीत धोका थोडा असला तरी एक रात्र थांबायला आपल्याला काही पडत नाही. त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. मालवणच्या बुड्या त्याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत होतात. १९८७ मध्ये इथल्या समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळाला हात लावायचा नाही, शिंपला उचलायचा नाही, हे पुतणीला आधीच सांगितलं आहे. आमच्या घरात समुद्राचे मोती पुरेसे आहेत.

आणि एक गोष्ट. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालून सुखरूप वर आलेली माणसं पाण्यावर बुडाली. म्हणून आमच्या यादीत पहिलं कलम लाइफ जॅकेटचं आहे: जेटीवर घालायचं, परत जेटीवर काढायचं, फोटोसाठीसुद्धा नाही. होडीत माणसं जास्त दिसली तर आठही जणांनी चढायचं नाही.

राहता राहिली खूण. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हातांच्या खुणा शिकवतात. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की ‘सगळं ठीक’. पंजा आडवा हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’. आणि अंगठा वर केला की ‘वर चला’. मुलानं हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत आधी भावजी चुकले; आपल्याकडे अंगठा वर म्हणजे मस्त. दोन-तीनदा सराव झाला तरी ते आनंदानं अंगठाच वर करीत होते. शेवटी पुतणी म्हणाली, “बाबा, तुम्हाला प्रत्येक वेळी मजा आली की ते तुम्हाला वर आणून सोडतील.”

अंगठ्याचा आपल्याकडचा जुना अर्थ मात्र तिसराच आहे. सावकाराच्या कागदावर उमटवला तो अंगठा. तो उमटवला की माणूस बांधला गेला. आखातातला पाणबुडा वही येण्याआधी आणि आल्यावरही असाच बांधलेला होता. दोराला हिसका देऊन तो वर येऊ शकत होता, पण ‘आज नाही’ म्हणू शकत नव्हता. आज शिकाऊ माणसाला सर्वांत आधी जो हक्क शिकवतात तो नेमका तोच आहे. कोणीही, केव्हाही, कारण न देता अंगठा वर करावा आणि सगळ्यांनी त्याच्याबरोबर वर यावं. ‘पैसे भरलेत’ हे कारण चालत नाही, कारण पैसे भरून पुढे ढकलला गेलेला माणूस आणि उचल घेऊन ढकलला गेलेला माणूस, पाण्याखाली दोघांची छाती सारखीच.

म्हणून भावजींच्या प्रश्नाला माझं उत्तर: घाबरण्यासारखं आहे, आणि जाण्यासारखंही आहे. घरच्या यादीच्या खाली मी एक कलम लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. होडीत, पाण्यात, शेवटच्या पायरीवर कोणीही ‘नको’ म्हटलं तर बाकीच्यांनी समजूत घालायची नाही, हसायचं नाही, वर्षभर टोमणा मारायचा नाही, आणि बुडालेले पैसे घरखर्चात धरायचे. खाली जाणार मी, पुतणी आणि भावजी. मुलगा आमच्यानंतर, म्हणजे एक पोहता येणारा कायम वर राहील. आमचे हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठरतील. जाऊबाई होडीत, वेळ मोजायला. घड्याळ त्यांनी स्वतः निवडून घेतलं, मोठच्या बाजारातून, मोठ्या आकड्यांचं. सासूबाई किनाऱ्यावर पुतण्यासोबत. त्यांनी सही करताना एक अट घातली, की नथ त्या घालूनच येणार.